चावडीतली कोठडी

हातातलं काम थांबवू नका, भाकरी थापत ऐकलं तरी चालतंय.

"माझ्या कामात खोडा घालू नको" हे वाक्य आपल्या तोंडात दिवसातून एकदा तरी येतं. सासूच्या, जावेच्या, ग्रामसेवकाच्या, सगळ्यांच्या बाबतीत. पण हा खोडा प्रत्यक्षात काय होता हे आता फार कुणाला ठाऊक नाही. खोडा म्हणजे लाकडाचे दोन जड ओंडके, एकावर एक ठेवलेले, आणि मधे घोट्याच्या मापाची भोकं. वरचा ओंडका उचलायचा, माणसाचे पाय भोकात ठेवायचे, वरचा ओंडका खाली आणायचा आणि कुलूप लावायचं. माणूस बसल्या जागी अडकला. पळता येत नाही, उठता येत नाही, अंगावर माशी बसली तरी फार तर हातानं हाकलायची. मोल्सवर्थसाहेबाच्या १८५७ च्या मराठी-इंग्रजी शब्दकोशात हा शब्द याच अर्थानं दिलेला आहे, आणि अडथळा हा अर्थ त्याच्या मागून आलेला आहे. म्हणजे शिक्षेचं लाकूड गेलं आणि शब्द तेवढा आपल्या स्वयंपाकघरात राहिला.

हा खोडा असायचा चावडीत. चावडी म्हणलं की आजच्या पोरींना तलाठ्याचं चावडी वाचन आठवतं. सातबारा मोठ्यानं वाचून दाखवतात, ते. पण जुनी चावडी म्हणजे गावातलं सरकार. पाटील तिथं बसायचा, कुलकर्ण्याचं दप्तर तिथं, साऱ्याची वसुली तिथं, भांडणाचा निवाडा तिथं, परगावचा सरकारी माणूस आला की त्याचा मुक्काम तिथं. आणि बऱ्याच चावड्यांत मागच्या अंगाला एक खोली. जाड भिंती, बुटकं दार, खिडकी नाहीच, असलाच तर एखादा झरोका. रात्री सापडलेला चोर, सारा न भरलेला कुणबी, दारू पिऊन बाजारात धिंगाणा करणारा, बांधावरून डोकं फोडणारा, यांना तिथं घालायचं. जिथं खोली नव्हती तिथं खोडा होता. दोन्हींचं काम एकच. तालुक्याहून माणूस येईपर्यंत, नाहीतर पाटलाचा राग उतरेपर्यंत माणूस जागेवर ठेवायचा.

आमच्या गटातल्या सत्तरीच्या आज्या सांगतात, चावडीसमोरून जाताना बाईनं चपला हातात घ्यायच्या, पदर पुढं ओढायचा आणि खाली बघत निघून जायचं. चावडीची पायरी बाईनं चढायची नाही. म्हणजे जिथं गावाचा न्याय व्हायचा तिथं बाईला उभं राहायलासुद्धा जागा नव्हती. आणि आणखी एक गोष्ट मला कायम टोचते. त्या कोठडीच्या, गावाच्या वेशीच्या राखणीचं काम वतन म्हणून महार समाजाकडं. रात्रभर पहारा त्यांनी द्यायचा, कैद्याला तालुक्यापर्यंत पायी त्यांनी न्यायचं, आणि चावडीत बोलायचं झालं तर पायरीखाली उभं राहून बोलायचं. कुलपाची जबाबदारी एकाची आणि किल्लीचा हुकूम दुसऱ्याचा. हे ध्यानात ठेवा, कारण पुढं सगळी गोष्ट या किल्लीचीच आहे.

इंग्रजांनी मुंबई इलाख्यात १८६७ साली गाव पोलिसांचा कायदा केला. त्यात पाटलाला थोडे फौजदारी अधिकार दिले. शिवीगाळ, किरकोळ मारहाण अशा भांडणात पाटील माणसाला २४ तास कोंडून ठेवू शकायचा. काही निवडक पाटलांना जास्त अधिकार होते, ४८ तास कैद आणि ५ रुपयांपर्यंत दंड. म्हणजे तक्रार ऐकणारा पाटील, पकडणारा पाटील, शिक्षा देणारा पाटील आणि किल्लीही पाटलाच्याच हुकमात. वकील नाही, अपिलाला जाण्याइतका वेळ नाही. २४ तासांत सुटकाच व्हायची, मग अपील कशाचं करता?

आपल्या मुरुड भागाला तो कायदा लागू नव्हता. आपण १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. बार्शीकडं गेलं की इंग्रजांची हद्द सुरू व्हायची. आपल्याकडं पाटील दोन, वसुलीचा मालीपाटील आणि बंदोबस्ताचा पोलीसपाटील. वर अमीन, म्हणजे आताचा फौजदार. कोठडीला आपली जुनी माणसं अजून 'हवालात' म्हणतात, तो शब्द त्या राज्यातून राहिलेला. कायदा वेगळा होता, पण चावडी आणि तिथली भीती दोन्हीकडं सारखीच. सप्टेंबर १९४८ मध्ये आपला भाग भारतात आला, १९५६ साली मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात. पुढं महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ आला आणि पोलीस पाटलाचं पद घराण्यातून निघालं. आता अर्ज, परीक्षा, नेमणूक असते. आपल्या भागात कितीतरी गावांत बाया पोलीस पाटील आहेत. ज्या चावडीसमोरून चपला हातात घेऊन जायचं, तिथला अर्धा कारभार आता त्यांच्या हातात आहे. पण हेही सांगते, पोलीस पाटलाचं काम आता ठाण्याला खबर देण्याचं, मदत करण्याचं. शिक्षा देण्याचं नाही. शिक्षा फक्त कोर्ट देतं.

आता तुम्ही म्हणाल, अशी गावठी कोठडी आपल्याकडंच होती का? नाही. ज्या इंग्रजांनी तो १८६७ चा कायदा केला, त्यांच्या स्वतःच्या खेड्यापाड्यांत थेट अशाच कोठड्या होत्या. अजूनही कितीतरी उभ्या आहेत आणि लोक फोटो काढायला जातात. चौकात, पुलावर, नाहीतर चर्चच्या आसपास दगडाची नाहीतर विटांची एक छोटी खोली. वर घुमटासारखं किंवा निमुळतं छप्पर. कॅसल कॅरी म्हणून एक गाव आहे, तिथली १७७९ सालची कोठडी गोल आहे. रुंदी फक्त ७ फूट, उंची १० फूट. आपल्या ज्वारीच्या कणगीच्या मापाची म्हणा ना. खिडकी नसली की तिला लोक 'आंधळं घर' म्हणायचे. लिव्हरपूल शहरात एव्हर्टन भागात १७८७ सालची अशी एक कोठडी आहे. तिथला जो फुटबॉलचा नामांकित संघ आहे, त्याच्या बिल्ल्यावर तिचं चित्र आहे. ज्या खोलीत दारुडे रात्रभर बरळत पडायचे तिचं चित्र आता पोरं अभिमानानं छातीवर लावतात.

तिथला कॉन्स्टेबल म्हणजे पगारी पोलीस नव्हता. गावातल्याच कुणाला तरी वर्षभरासाठी हे काम गळ्यात पडायचं, आपलं शेत, आपला धंदा सांभाळून. मग रात्री दारुड्याला ठेवायचा कुठं? स्वतःच्या घरात? म्हणून गावानं ही खोली बांधायची. सकाळ झाली, दारू उतरली, की सोडून द्यायचं. मोठा गुन्हा असला तर न्यायाधीशापुढं न्यायचं. खोडा तर तिथं याहून कितीतरी जुना. १३५१ सालचा तिथला एक कायदा आहे. प्लेगच्या साथीत कितीतरी माणसं मेली, मजूर मिळेनात, राहिलेल्या मजुरांनी मजुरी वाढवून मागितली. सरकारनं कायदा केला की जुन्याच दरानं काम करायचं, आणि जो ऐकणार नाही त्याला खोड्यात घाला, त्यासाठी गावोगाव खोडे तयार ठेवा. ऊसतोडीच्या टोळीतल्या बायांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. चोराच्या आधी मजुराच्या पायाचं माप घेतलेलं होतं.

१८३९ पासून तिथं पगारी पोलीस दलं उभी राहायला लागली आणि १८५६ साली प्रत्येक परगण्याला ती सक्तीची झाली. ठाणी बांधली गेली, ठाण्यातच कोठड्या आल्या, आणि गावची खोली ओस पडली. कुणी तिच्यात कोळसा ठेवला, कुणी अवजारं. आपल्या कितीतरी चावड्यांचंही तेच झालं. कुठं ग्रामपंचायतीचा माल पडलाय, कुठं नुसता चौथरा राहिलाय.

हे सगळं वाचताना मला एक गोष्ट जाणवली. गावच्या कोठडीचा एक वाईटपणा होता आणि एक थोडासा बरेपणाही होता. वाईटपणा हा की ती गोरगरिबांसाठीच होती. गावचा सावकार किंवा इनामदार तिथं रात्रभर बसला असेल हे मला तरी पटत नाही. आणि बरेपणा हा की ती गावाच्या मधोमध होती. येता-जाता माणूस दिसायचा. आई भाकरी घेऊन यायची. आत कोण आहे, कधीपासून आहे, जिवंत आहे का, हे अख्ख्या गावाला ठाऊक असायचं. त्यात बेइज्जती होती, पण गुपचूप काही होत नव्हतं. कोठडी ठाण्याच्या आत गेली तेव्हा बेइज्जती थोडी कमी झाली आणि गावाचा डोळाही तिथून निघून गेला.

हा डोळा निघून गेला की काय होतं, ते आपल्या महाराष्ट्रातच घडलेलं आहे. २६ मार्च १९७२. देसाईगंज, तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा, आता गडचिरोलीत. एक आदिवासी मुलगी, वय १४ ते १६. खटला तिच्या नावानं ओळखला जातो, पण आपण तिचं नाव घेणार नाही. तिच्यावर काही आरोप नव्हता. भावानं दिलेल्या तक्रारीच्या चौकशीसाठी ती नातेवाइकांबरोबर रात्री ठाण्यात आलेली. बाकीच्यांना बाहेर जायला सांगितलं, तिला थांबवून घेतलं, आणि ठाण्याच्या आवारातच तिच्यावर पोलिसानं अत्याचार केला. बाहेर माणसं उभी होती. दार आतून बंद होतं, दिवे विझलेले होते.

सेशन कोर्टानं आरोपींना सोडलं. नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली. १९७८ साली सुप्रीम कोर्टानं परत सोडलं. कारण काय, तर अंगावर जखमा नाहीत, तिनं आरडाओरडा केल्याचं दिसत नाही, म्हणजे तिची संमती असेल. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. ठाण्यात, रात्री, पोलिसांपुढं एक गरीब पोर गप्प राहिली तर तिला संमती म्हणायचं का, हा त्यांचा प्रश्न. १९८० च्या ८ मार्चला शहराशहरांत बाया रस्त्यावर आल्या. १९८३ साली कायदा बदलला. ताब्यात असलेल्या बाईवर पोलिसानं अत्याचार केला, संबंध झाल्याचं सिद्ध झालं आणि बाईनं सांगितलं की माझी संमती नव्हती, तर कोर्टानं तिचं म्हणणं खरं धरून चालायचं. संमती होती हे सिद्ध करायचं ओझं त्याच्यावर. त्या मुलीला स्वतःला त्यातून काही मिळालं नाही. आपल्याला मिळालं.

त्याच १९८३ साली आणखी एक निकाल आला. शीला बारसे नावाच्या पत्रकार मुंबईच्या तुरुंगात १५ बाया कैद्यांना भेटल्या. त्यातल्या पाच जणींनी सांगितलं की आम्हाला पोलीस कोठडीत मारहाण झाली. बारसेंनी सुप्रीम कोर्टाला साधं पत्र लिहिलं. कोर्टानं पत्रालाच अर्ज मानलं. निर्मला निकेतन संस्थेच्या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिका आरमायटी देसाई यांना तुरुंगात जाऊन बायांशी बोलून अहवाल द्यायला सांगितलं. मग आदेश निघाले. बायांसाठी वेगळ्या कोठड्या ठेवा, त्यावर महिला पोलिसांचाच पहारा ठेवा. बाईची चौकशी महिला पोलिसांसमोरच करा. पकडलेल्या माणसाचे हक्क मराठी, हिंदी, इंग्रजीत लिहून कोठडीत लावा. अटक झाली की नातेवाइकाला आणि विधी सहाय्य समितीला कळवा. आणि एक न्यायाधीश अधूनमधून अचानक कोठड्या तपासायला जाईल. माझ्या मते गावचा जो डोळा गेला होता तो परत आणायचा हा प्रयत्न होता. पुढं पश्चिम बंगालच्या डी. के. बसू यांच्या खटल्यात डिसेंबर १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो डोळा आणखी मोठा केला. अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी पाहिजे, अटकेचा कागद जागेवर तयार करून त्यावर घरच्या किंवा गावातल्या एका साक्षीदाराची सही पाहिजे, दर ४८ तासांनी डॉक्टरची तपासणी पाहिजे. २०२० च्या डिसेंबरमध्ये सांगितलं की ठाण्यात कॅमेरे लावा, कोठडीतसुद्धा.

आता तो २४ तासांचा आकडा परत आठवा. १८६७ साली पाटील २४ तास कोंडायचा, ती शिक्षा होती. आपल्या संविधानाच्या कलम २२ मध्येही २४ तासच आहेत, पण उलट्या बाजूनं. पोलिसांनी पकडलेल्या माणसाला प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढं उभं केलंच पाहिजे. त्यापुढं एक मिनिट ठेवायचं तर मॅजिस्ट्रेटचा हुकूम पाहिजे. आधी २४ तास माणसाच्या डोक्यावर होते, आता ते पोलिसांच्या डोक्यावर आहेत. आकडा तोच राहिला आणि किल्लीचा हुकूम दुसरीकडं गेला.

मग बाईच्या बाबतीत काय? १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. कलम लिहून घ्यायची असतील तर घ्या. कलम ४३, बाईला सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत अटक करायची नाही. अगदीच अपवाद असेल तर महिला पोलीस अधिकाऱ्यानं लेखी अहवाल देऊन आधी मॅजिस्ट्रेटची परवानगी घ्यायची. ही तरतूद जुन्या कायद्यात २००५ च्या दुरुस्तीनं आली, ती नव्यातही आहे. अटक करताना पुरुष पोलिसानं बाईच्या अंगाला हात लावायचा नाही. झडती बाईनंच घ्यायची. कलम १७९, साक्षीदार म्हणून बाईला ठाण्यात बोलवायचं नाही, ती राहते तिथं येऊन विचारायचं. तिची स्वतःची इच्छा असेल तर ती जाऊ शकते. देसाईगंजची रात्र आठवली की हे कलम किती मोलाचं आहे ते कळतं. जमादाराचा फोन आला की "ताई, संध्याकाळी ठाण्यात या, जरा विचारायचंय", तर आवाज न चढवता विचारायचं, "साहेब, साक्षीदार म्हणून का आरोपी म्हणून? लेखी नोटीस आहे का?" कलम ३५ प्रमाणं सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात बहुतेक वेळा आधी नोटीसच देतात, थेट अटक करायची झाली तर कारण लिहावं लागतं. एक खबरदारी मात्र घ्या. नोटीस आली तर तिला उत्तर द्या, हजर व्हा, सोबत एक बाई न्या. नोटीस टाळली तर तेच अटकेचं कारण होतं.

आता थोडं नाजूक बोलते. आमच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा अर्ध्या बायांचं म्हणणं पडलं, "ताई, चावडीची कोठडी परत पाहिजे. नवरा पिऊन आला की टाकायचा एक रात्र, उतरंल त्याची." हसू आलं सगळ्यांना, पण त्या थट्टेत म्हणत नव्हत्या. पोरांसमोर मार खाऊन, रात्र शेजारच्या पडवीत काढून आलेल्या बायांचं म्हणणं होतं ते. आणि खरं सांगायचं तर कायद्यात ती एक रात्र आजही आहे. कलम १७० प्रमाणं, कुणी दखलपात्र गुन्हा करण्याच्या बेतात आहे आणि तो दुसऱ्या कशानं थांबणार नाही असं दिसलं तर पोलीस त्याला आधीच ताब्यात घेऊ शकतात, जास्तीत जास्त २४ तास. ११२ ला फोन केला, गाडी आली, त्याला घेऊन गेली, तर पुष्कळदा तेच होतं.

पण त्या रात्रीवर विसंबून राहू नका असं माझं मत आहे. तो दुसऱ्या दिवशी परत येणार असतो, आणि येतो तेव्हा शुद्धीवर आणि चिडलेला असतो. इंग्लंडातल्या गोल खोलीत पडून किती जणांची दारू सुटली देव जाणे. ती एक रात्र तुमच्यासाठी वापरा. त्या वेळात दवाखान्यात जाऊन जखमांची नोंद करा, माहेरी कळवा, दुसऱ्या दिवशी संरक्षण अधिकाऱ्याकडं जा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात कोर्ट त्याला मारहाण करू नको असा आदेश देऊ शकतं, तुम्हाला घरात राहू द्यायचा आदेश देऊ शकतं. घर तुमच्या नावावर नसलं तरीसुद्धा. तो आदेश मोडला तर मात्र तो गुन्हा आहे, आणि मग कोठडी एका रात्रीची राहत नाही. तंटामुक्त समिती २००७ पासून गावोगाव आहे. बांधाची, वाटेची भांडणं तिनं मिटवली, चांगलं केलं. पण मार खाणाऱ्या बाईला "मिटवून घे" म्हणणारी समिती असेल तर तिथं सही करू नका. समितीला कोंडायचा अधिकार नाही, तसा तुमची तक्रार कोंडायचाही नाही.

आणि आता ज्यासाठी मी हा विषय घेतला ते. गेल्या काही वर्षांत आपल्या गावांत बचत गटाच्या कर्जाशिवाय खासगी फायनान्सची कर्जं फार झाली आहेत. एका घरात तीन-तीन, चार-चार. हप्ता चुकला की वसुलीवाला दारात. आमच्या एका गटातल्या बाईला असाच एक जण रात्री आठ वाजता म्हणाला, "उद्या पैसे नाही दिले तर पोलीस घेऊन येतो, लॉकअपात बसवतो." ती बाई रातोरात पोरं घेऊन माहेरी निघून गेली. सोयाबीनची काढणी तशीच पडली. कोठडी तिनं जन्मात पाहिलेली नव्हती, नुसत्या नावानं तिचं पीक गेलं.

मैत्रिणींनो, हे पुन्हा सांगते आणि सावकाश सांगते. कर्ज फेडता न येणं हा गुन्हा नाही. तो दिवाणी मामला आहे. सावकाराला, बँकेला, फायनान्सला दिवाणी कोर्टात जावं लागतं. आणि कोर्टानं पैसे द्यायचा हुकूम केला, तोही पाळता आला नाही, तरी दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ५६ काय म्हणतं? पैशाच्या हुकूमनाम्यासाठी बाईला अटक करायची नाही, दिवाणी तुरुंगात ठेवायचं नाही. पुरुषाला काही परिस्थितीत होऊ शकतं, बाईला नाही. हा कायदा १९०८ चा आहे. म्हणजे आपल्या आज्या चपला हातात घेऊन चावडीसमोरून जात होत्या तेव्हाच बार्शीकडं तो लागू होता, आणि आपल्याला आजपर्यंत कुणी सांगितला नव्हता.

याचा अर्थ कर्ज बुडवा असा नाही. मी स्वतः हप्ते गोळा करणारी बाई आहे, एकीनं बुडवलं तर बाकी नऊ जणींची पत जाते हे मला माहीत आहे. आणि दोन ठिकाणी सांभाळा. सही करून दिलेला चेक वटला नाही तर तो वेगळा, फौजदारी गुन्हा आहे. तिथं कोर्टाचं समन्स येतं, ते आलं की तारखेला हजर राहायचंच. म्हणून कोरा चेक कुणाला देऊ नका. दुसरं, खोटी कागदपत्रं देऊन, दुसरीच्या नावानं कर्ज उचललं तर ती फसवणूक आहे, तिला कलम ५६ वाचवत नाही.

वसुलीवाल्यालाही नियम आहेत. वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला तारण न घेता दिलेलं कर्ज म्हणजे मायक्रोफायनान्स. त्यासाठी रिझर्व्ह बँकेनं २०२२ साली नियम केले. धमकी द्यायची नाही, शिवीगाळ करायची नाही, नातेवाइकांना, शेजाऱ्यांना त्रास द्यायचा नाही, सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करायचे नाहीत. रात्री आठला दारात उभा राहून लॉकअपची भीती घालणारा माणूस स्वतःच नियम मोडतो आहे. त्याचं नाव विचारा, ओळखपत्राचा फोटो काढा, तारीख आणि वेळ गटाच्या वहीत लिहा. अध्यक्ष-सचिवांनी तेवढ्यापुरतं तिथं जाऊन उभं राहावं. दोन बाया जास्त दिसल्या की आवाज आपोआप खाली येतो, हे मी किती तरी वेळा बघितलंय.

वकील परवडत नाही असं म्हणू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणं बाईला सरकारी खर्चानं वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. लातूरला जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याच्या कोर्टात समिती असते. अटक झालेली असली तरी मिळतो आणि ठाण्यातून वकिलाला भेटायचा हक्क आहे. फोन नंबर सांगते, गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा. तातडीचा ११२. महिला हेल्पलाइन १८१. मोफत कायदेशीर सल्ला १५१००. परत सांगते, एक, पाच, एक, शून्य, शून्य.